आर्व्हिलाताईच्या घराला चाकं होती

आर्व्हिलाताई डॅस्ट्रपला कोणी पहिल्यांदा भेटलं की आधी तिच्या पायांकडे बघतं. एवढे मोठे पाय आख्ख्या सॅनपीट खोऱ्यात दुसऱ्या कुठल्या बाईचे नसतील. बूट पुरुषांच्या दुकानातून आणते. आणि त्याच पायांनी तिने आमच्या थॉर्नबीतल्या झाडून सगळ्या पोरापोरींना नाच शिकवला. माझ्या आईला शिकवला, मला शिकवला. आमचे बिशप न्यूवेल लार्सन दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करतात आणि रविवारी मंडळी सांभाळतात, त्यांनाही तिनेच शिकवला. बिशपना अजून येत नाही. त्यात ताईचा दोष नाही.

आमच्या मॉर्मन मंडळींत सगळेच एकमेकांना ताई नि भाऊ म्हणतात. पण पुढे नाव न लावता नुसतं 'ताई' म्हटलं, की ती आर्व्हिलाताईच.

तिने लग्न केलं नाही. आमच्यात मुलगी विशीला टेकली की बायका तिच्या बोटात अंगठी शोधायला लागतात, मग ताईचं काय होत असेल बघा. साठी उलटली तरी रविवारी एखादी म्हातारी तिला बाजूला घ्यायचीच. "फेअरव्ह्यूला एक विधुर आहे गं. दात अजून स्वतःचे आहेत."

"दात राहू देत," ताई म्हणायची, "पाय कसे आहेत?"

मी एकदा तोंडावर विचारलं होतं. मला आडून विचारता येत नाही. "ताई, तुला कोणी मागणीच घातली नाही का?"

"घातली की. चांगला होता."

"मग?"

"नाचताना बोलायचा. टर्की कोंबड्यांच्या रोगांबद्दल. मी एक आख्खा उन्हाळा ऐकून घेतलं."

ती शाळेची बस चालवायची. आईबाप गेल्यावर शेत भावांनी वाटून घेतलं आणि तिने एक लांबुळकं पत्र्याचं घर घेतलं, कारखान्यातून तयार येतं तसलं. ते आमच्याच रस्त्यावर, पश्चिमेच्या अंगाला, उभं केलं. दारात तीन पायऱ्या, आत स्वयंपाकघर, तिची खोली, आणि मागे शिवणाच्या मशीनची खोली. एवढंच तिचं घर.

तिचा खरा संसार मात्र बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये असायचा. आमच्यात बारापासून अठरापर्यंतची सगळी पोरं बुधवारी जमतात. मुलगे एका टोकाला बास्केटबॉल खेळतात. प्रार्थना झाली की खेळ सुरू होतो, आणि निम्म्यात कोणाचा तरी दात हलतो. मुली दुसऱ्या टोकाला केक भाजतात नाहीतर गोधड्या शिवतात, आणि डोळे सगळे पहिल्या टोकाला. महिन्यातून एकदा ताई शिट्टी मारून दोन्ही टोकं एकत्र आणायची. मुलगे ह्या भिंतीला, मुली त्या भिंतीला, आणि मध्ये रिकामा हॉल.

तिचा नियम एकच. पहिल्या गाण्याला कोणी कोणाला 'नाही' म्हणायचं नाही. दुसऱ्या गाण्याला खुशाल म्हणा.

मी तेव्हा चौदाची होते, तोंडाने फटकळ. म्हटलं, "का म्हणून? कार्व्हर ओल्डरॉइडच्या हातांना घाम येतो."

"जो विचारायला येतो ना भिंगरे," ती म्हणाली, मला ती भिंगरीच म्हणते, "त्याला हा हॉल ओलांडून यावं लागतं. हॉल केवढा मोठा आहे ते त्यालाच माहीत. भिंतीपाशी उभं राहणाराला ते कळत नाही."

आणि जोड्या जमल्या की ती बिस्किटं भाजायचा पत्रा हातात घेऊन मधून फिरायची. कोणी फार चिकटलं की तो पत्रा दोघांच्या मध्ये सरकवायची. "हवा जाऊ द्या, हवा!" आम्ही लाजेने मरायचो. पण सगळ्या खोऱ्यात आमच्याच मंडळीतली पोरं अशी होती की नाचात कोणी भिंतीला चिकटून राहत नव्हतं. जाडा, बुटका, चष्मेवाला, नवीन आलेला, कोणीच नाही.

मी अकरावीत शाळा सोडली. कारणं सांगत बसत नाही. मला एका जागी बसवत नाही, आणि शाळा म्हणजे बसणंच. ओर्सन टटलच्या टर्कींच्या शेडमध्ये कामाला लागले. आई आठवडाभर बोलली नाही. रविवारी मंडळी माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली, घरात कोणी गेल्यासारखी. एकीने तर माझ्यासाठी मयताचे बटाटे आणले. म्हणजे बटाटे, चीज नि साय घालून भाजतात ते. आमच्यात कोणी वारलं की हेच करतात म्हणून तसं नाव पडलंय. मी म्हटलं, "मी जिवंत आहे, रोलेनताई." तरी बटाटे खाल्ले.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी कामावरून आले तर आमचं दार दिसेना. दारावर नुसती लाल कागदाची बदामं. आमच्यात कोणाचं वाईट चाललं असलं की पोरी गुपचूप येऊन असं दार भरून टाकतात, घंटी वाजवून पळतात. प्रत्येक बदामावर काहीतरी गोड लिहिलेलं. तू किती शूर. तू किती खास. मला अशाने कसंतरीच होतं. मी फाडायलाच लागले होते. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात ताईचं अक्षर दिसलं. तिच्या बदामावर लिहिलं होतं, 'बुधवारी केक तू आणायचायस. चॉकलेटचा.'

बस. शूर नाही, खास नाही. केक.

मी केक नेला. मधोमध बसका झाला होता. ताईने सगळ्यांना वाढला, मी शाळा सोडली त्याचा एका शब्दाने विषय काढला नाही. त्यानंतर एकही बुधवार मी चुकवला नाही. अठरा पूर्ण झाल्यावर बिशपनी मला ताईच्या हाताखाली मदतनीस म्हणून नेमलं. माझ्या आयुष्यात शाळेने मला कधी कशावर नेमलं नव्हतं. फळा पुसायलाही नाही.

आता रेषेचं सांगते.

आमच्यात कुठल्या मंडळीत जायचं ते आपण ठरवत नाही. राहतो कुठे त्यावर वॉर्ड, म्हणजे आपली मंडळी, ठरतो. थॉर्नबीत दोन वॉर्ड, इमारत एकच, वेळ वेगळी. आमचा पहिला, कालव्यापलीकडचा दुसरा. दुसऱ्यात जवळजवळ सगळी म्हातारी माणसं उरली होती. म्हणून एका रविवारी दोन्ही वॉर्डांना एकत्र बोलावलं, आणि बिशपांच्याही वरचे जे अध्यक्ष, त्यांनी भिंतीवर नकाशा दाखवला. कालव्यावरची रेषा उचलून आमच्या रस्त्याच्या मधोमध आणली होती. पूर्वेकडचे पहिल्यात, पश्चिमेकडचे दुसऱ्यात.

 सगळे आपापलं घर शोधत होते. आमचं घर पूर्वेला होतं. मग मला ताईचं पत्र्याचं घर सापडलं. पलीकडे.

"ज्यांना हे मान्य आहे त्यांनी उजवा हात वर करावा," अध्यक्ष म्हणाले. आमच्यात असं विचारतात, आणि सगळे हात वर करतात.

पहिला हात ताईचा वर गेला. कोपर सरळ, बोटं ताठ, बस थांबवल्यासारखा. माझा हात मी मांडीखाली दाबून बसले होते.

बिशप लार्सननी तिला आमच्या पोरांच्या कामातून मोकळं केलं, आभाराचे हात वर झाले, निम्म्या पोरी रडल्या. मी नाही रडले. मी 'भोपळा!' म्हणाले, जोरात. आमच्यात शिव्या देत नाहीत, त्यामुळे राग आला की असलं काहीतरी म्हणावं लागतं. तरी आईने चिमटा काढला.

दुसऱ्या वॉर्डाचा बिशप म्हणजे माझा मालक, ओर्सन टटल. रेषा हलूनही त्याच्याकडे तरुण पोरं दोनच, आधीपासूनची. आमचा रस्ता कालवा ओलांडून वळतो तिथे दुधाच्या गायी आहेत ना, त्या घरातली जुळी, हायरम आणि एल्सी. चौदा वर्षांची. बुधवारी टटलची बायको त्यांना आपल्या स्वयंपाकघरात बसवून धडा वाचून दाखवायची. दोन पोरांना दोन बायका कशाला, म्हणून ताईला त्यांनी रविवारी दारात उभं राहून कार्यक्रमाचे कागद वाटायचं काम दिलं.

"कागद?" मी म्हटलं. "तुला?"

"छान वाटते मी," ताई म्हणाली. "कोणाला दोन देत नाही."

पुढच्या बुधवारी हॉलवर जाताना मी तिच्या घरात डोकावले. तर ओट्यावर भलंमोठं परातभर पीठ. बिस्किटांचं. चाळीस पोरं खातील एवढं. ताई त्याच्याकडे बघत उभी होती.

"हे कोणासाठी?"

"कोणासाठी नाही गं. हाताला सवय. मळून झाल्यावर लक्षात आलं." ती हसली, पण हसू पोचलं नाही कुठे. "आता कागदाबरोबर एकेक बिस्किट वाटते रविवारी."

 मला सुचलं नाही की मी लाथ मारते. बाहेर येऊन मी घराच्या खालच्या पत्र्याला सणसणीत लाथ घातली. घराच्या बुडाशी, जमिनीपर्यंत पत्रा लावलेला असतो ना, तो. पत्रा निखळून पडला. आत अंधार, कोळ्यांची जाळी, एक मांजर पळालं. आणि त्या अंधारात एक चाक.

मी गुडघ्यावर बसून बघितलं. चाकामागे चाक. टायर बसलेले, पण होते.

"ताई!" मी ओरडले. "तुझ्या घराला चाकं आहेत!"

"असणारच," ती खिडकीतून म्हणाली. "नाहीतर आलं कसं? आणि तो पत्रा बसव परत."

माझ्या डोक्यात तोपर्यंत सगळं झालं होतं. समोर, रस्त्याच्या पूर्वेला, व्हर्डेल ओल्डरॉइडचं मोकळं रान. घामट हातांच्या कार्व्हरचा चुलता. मी ताईला सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर बसली.

"नाही. मी हात वर केलाय, भिंगरे."

"हात रेषेसाठी वर केलास. घरासाठी नाही केलास. रेषा जिथे आहे तिथेच राहील. तिला कोण हात लावतंय?"

"वकील झाली असतीस, शाळा सोडली नसतीस तर."

"ताई, तुला यायचंय की नाही तेवढं सांग."

तिने उठून पिठावर फडकं टाकलं. मग म्हणाली, "मलाही यायचंय गं." एवढंच. पण तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

बिशप लार्सन कोणाच्या तरी मोरीखाली आडवे होते. मी त्यांच्या पायांशी बोलले. एका पायाने दुसरा पाय खाजवला. मग मोरीखालून आवाज आला, "रेषा कुठे असावी यावर वर प्रार्थना झाली. घर कुठे असावं यावर मला अजून काही कळवलेलं नाही. तिच्या पाण्याची जोडणी मात्र मीच सोडणार. तुम्ही तोडून ठेवाल." गावाच्या कचेरीत परवानगीला गेले, तर खिडकीत बसणारी बाई ताईकडेच नाच शिकलेली. आणि व्हर्डेलभाऊ म्हणाला, "ठेवा. गवत कापायचं तरी वाचेल." त्याचा आवाज नेहमीच कोणाशी भांडल्यासारखा येतो, पण टायरमध्ये हवा त्यानेच भरून ठेवली होती.

घर हलवायचं म्हटलं की आमची माणसं कशी येतात ते सांगायला नको. कोणाला सांगावंही लागत नाही. शनिवारी सकाळी अख्खा वॉर्ड हातमोजे घालून हजर. व्हर्डेलभाऊने ट्रॅक्टर जोडला. ताईने कपबशा पलंगावर गाद्यांत गुंडाळल्या आणि स्वतः बाहेर येऊन उभी राहिली, पर्स दोन्ही हातांत धरून, प्रवासाला निघाल्यासारखी.

घर कण्हलं, हललं, कुंपणातून बाहेर पडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढची चाकं रस्त्यावर चढली, रेषा ओलांडली, आणि मागून असा आवाज आला की कालव्यावरची बदकं उडाली. मागचं एक चाक जाम. घर रस्त्यात आडवं. तोंड आमच्या वॉर्डात, बूड दुसऱ्या वॉर्डात.

गावातली सगळी रहदारी, म्हणजे एक दुधाची गाडी आणि ओर्सन टटलचा ट्रॅक्टर, येऊन थांबली. टटल खाली उतरला. मला बघून म्हणाला, "जेरलिन, आज तुझी सुट्टी ती ह्यासाठी?"

"हो."

"आणि मला वाटलं तुला बरं नाही."

"बरं नव्हतंच. आता वाटेल."

दोन्ही बिशप घराभोवती फिरून आले. लार्सन म्हणाले, "स्वयंपाकघर आमच्यात आलंय, ओर्सन."

"पलंग आमच्यात आहे," टटल म्हणाला. "माणूस झोपतो तिथला."

"जेवतो तिथला."

"भाऊ, ती जेवते किती आणि झोपते किती?"

"मला विचारा ना," ताई म्हणाली. कोणी विचारलं नाही. दोघेही हसत होते, पण मला दिसत होतं, टटलला ती सोडायची नव्हती. त्यालाही कळत होतं त्याच्या हातात काय आलंय.

हायरम-एल्सीचे वडील ग्रीस नि हातोडा घेऊन चाकाखाली घुसले. वेळ लागणार होता. आणि आमच्या लोकांना वेळ मिळाला की जेवण येतं. दोन्ही बाजूंच्या घरांतून भांडी आली. मयताचे बटाटे, गाजर घातलेली हिरवी जेली, भाजलेली टर्की. घराच्या पायऱ्यांवर मांडली. कार्व्हरने आपल्या गाडीचे दरवाजे उघडून गाणी लावली. मग ताईच्याने राहवेना. पुढच्या शनिवारी खोऱ्यातल्या सगळ्या वॉर्डांचा नाच होता. तिने पर्स माझ्या हातात दिली आणि शिट्टी मारली.

"मुलगे ह्या कडेला! मुली त्या कडेला! उभेच आहात तर पाय हलवा."

रस्त्याच्या दोन कडांना दोन रांगा झाल्या. हायरम आणि एल्सी आपल्या टपालपेटीपाशी उभे होते. हायरमचे हात खिशात, पेटीला असा टेकलेला की पेटी वाकली होती.

"तुम्ही दोघं काय झाडं आहात का?" ताई म्हणाली. "या."

"आम्ही त्या वॉर्डातले आहोत," एल्सी म्हणाली.

"बिशप, रस्ता कुठल्या वॉर्डात येतो?"

दोन्ही बिशपनी एकमेकांकडे बघितलं. "रेषा मधोमध आहे," टटल म्हणाला.

"मग अर्धं अर्धं नाचा."

एल्सी आली. हायरम हलेना. मग काय झालं त्याला कोण जाणे, एकदम निघाला, कान लाल, रस्ता ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी एकोणीस वर्षांची घोडी, तो चौदाचा. कदाचित टर्कींच्या शेडमुळे मी एकटीच ओळखीची असेन.

"पहिलं गाणं आहे," तो म्हणाला. "तुम्हांला 'नाही' म्हणता येत नाही. मी ऐकलंय."

"कुठे ऐकलंस?"

"सगळ्यांना माहितीये. आमच्या खिडकीतून हॉलचे दिवे दिसतात."

नाचलो. त्याने माझा पाय तुडवला, मी त्याचा तुडवला. ताई बिस्किटांचा पत्रा घेऊन आली, आमच्यात ट्रॅक्टर जाईल एवढं अंतर बघून परत गेली. हायरम हसला. मी दोन वर्षं त्याच्या घरावरून कामाला जात होते, त्याचे दात पहिल्यांदा बघितले.

गाणं संपलं. तो ताईपाशी गेला. मी जवळच होते, पर्स धरून.

"ताई, तुम्ही पलीकडे गेलात की बुधवारी आम्ही पलीकडे यायचं का?"

ताईने टटलकडे बघितलं. टटलने बुटांकडे बघितलं. लार्सननी आभाळाकडे. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं.

"नाही रे बाळा," ताई म्हणाली.

"बरं," हायरम म्हणाला. आणि परत टपालपेटीपाशी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात घराखालून त्याचे वडील ओरडले, "सुटलं चाक! कुठे ओढायचं?" व्हर्डेलभाऊ ट्रॅक्टरवर चढला. सगळे हातमोजे घालायला लागले. आणि मी ताईचं तोंड बघितलं. ती हॉल ओलांडून आलेल्या कोणालाही कधी परत पाठवत नव्हती. मला लगेच कळलं. कळायला नको होतं.

"ओर्सन," ती म्हणाली, "तुझा ट्रॅक्टर मागे जोड."

"ताई!" मी पर्स खाली टाकली. "मग हे सगळं कशासाठी केलं?"

"भिंगरे, तुमच्याकडे पस्तीस पोरं आहेत. नाच येणारी मोठी माणसं सगळीच आहेत. ह्या दोघांकडे कोण आहे?"

"मला पस्तीस नकोत. मला तू हवीस."

"मी रस्त्यापलीकडे तर आहे."

"तो रस्ता नाहीये ताई! वॉर्ड आहे तो!"

ती माझ्याजवळ आली. ती कोणाला मिठी-बिठी मारत नाही. माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत वर ओढली, मी बारा वर्षांची असल्यासारखी. "तुला मी भिंतीपाशी उभं राहायला शिकवलं का?" म्हणाली. आणि टटलकडे वळली. "माझी अट आहे. कागद दुसरा कोणीतरी वाटेल. मला बुधवार हवा."

"दिला," टटल म्हणाला. एवढ्या झटकन तो माझी पगारवाढही देत नाही. "बायको 'सुटले' म्हणेल."

घर उलटं निघालं. पस्तीस पोरं बघत होती. मी नाही बघितलं. मी घरी चालत सुटले, वाटेतली एक बादली उडवत. भोपळा, भोपळा, भोपळा.

घरी जाऊन खाटेवर बसले. मला बसवत नाही, सांगितलंच आहे. उठले. आणि मग डोक्यात आलं ते इतकं सोपं होतं की माझं मलाच हसू आलं. मीच तर म्हणाले होते. रेषा जिथे आहे तिथेच राहील, तिला कोण हात लावतंय. घर नाही हलत तर नाही. मी तर हलते. मी दुसरं करते काय?

कपडे पिशवीत कोंबले. आई दारात उभी. "कुठे निघालीस?"

"समोर."

"समोर कुठे?"

"ताईकडे राहायला. दुसऱ्या वॉर्डात."

 शाळा सोडली तेव्हाचं तोंड होईल असं मला वाटलं होतं. नाही झालं. आत गेली आणि तिची निळी गोधडी आणून पिशवीवर ठेवली. "तिच्या त्या पत्र्यात गारठतं," म्हणाली. "आणि मला पहिल्या नाचाला तिनेच उभं केलं होतं, ते सांग तिला. मी कधी सांगितलं नाही."

मी रस्ता ओलांडला. खरं सांगते, रोजचाच रस्ता, पण तेव्हा तो केवढा मोठा वाटला. घर जागेवर आलं होतं. ताई गाद्यांतून कपबशा सोडवत होती.

"ताई, मागच्या खोलीत काय आहे?"

"शिवणाचं मशीन."

"ते हलव."

तिने पिशवीकडे बघितलं, गोधडीकडे बघितलं. एक कप हातात तसाच. "नाही म्हणू शकते मी," ती म्हणाली.

"दुसऱ्या गाण्याला म्हण."

ती वळून कप फडताळात ठेवायला लागली. बराच वेळ ठेवत होती, आणि कप एकच होता.

सोमवारी उजाडताच दार वाजलं. बाहेर पहिल्या वॉर्डातले बारा बाप्ये, तीन गाड्या, हातमोजे. बिशप लार्सन पुढे.

"ऐकलं की जेरलिनचं सामान हलवायचंय."

"झालं हलवून," मी म्हटलं. "एक पिशवी होती."

त्यांचे चेहरे पडले. शेवटी ताईनेच दया केली. त्या बाराजणांनी मिळून शिवणाचं मशीन मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात नेलं. खरं तर ते दोघांचं काम होतं. मग सगळ्यांना बिस्किटं दिली.

त्याला दीड वर्ष झालं. बुधवारी आम्ही दोघी आणि ती जुळी होतो. मग वळणावर टोंगा बेटांवरून आलेलं एक कुटुंब राहायला आलं, पाच पोरं, पाचही जण गायला लागली की हॉलच्या काचा थरथरतात. आता बास्केटबॉलला आमचा संघ पुरा होतो. पहिल्या वॉर्डाकडून हरतो, पण दात त्यांचे हलतात. खोऱ्याच्या नाचाला ह्या वेळी हायरम सगळ्यांत आधी हॉल ओलांडून गेला, कान लाल करून, मंटी गावच्या एका उंच पोरीपाशी. ती हो म्हणाली. म्हणावंच लागतं. पण दुसऱ्या गाण्यालाही हो म्हणाली.

टटल मला अजून विचारतो, शाळेची परीक्षा बाहेरून देतेस का म्हणून. ताई विचारत नाही. ती म्हणते, "बुधवारी केक." केक अजून मधोमध बसतो.

तो लाथेने पडलेला पत्रा मी दोनदा बसवायला काढला. ताईने दोन्हीदा परत ठेवायला लावला.

"राहू दे तसंच," म्हणाली. "दिसू देत चाकं. बिशप लोकांना जरा धाक राहतो."